थांबण्याची मजुरी
(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं उभं आयुष्य मजुरांच्या कमाईचे हिशेब मांडण्यात गेलं. त्यांच्या नावाने बोलायचं तर हिशेबच मांडावा, असं मी ठरवून आलो आहे. हा हिशेब मुंबईच्या मासळी बाजारात राबणाऱ्या माणसांचा आहे. मासेमारीबद्दल आपल्याकडे थोडंफार बोललं जातं. बोटी, जाळी, डिझेलचा परतावा, वादळ, नुकसानभरपाई हे विषय विधिमंडळातही येतात. बोट धक्क्याला लागल्यावर मात्र आपली चर्चा संपते. नेमकं तिथून पुढे निम्मं काम सुरू होतं, आणि ते बहुतांशी बायका करतात.

आधी जागेबद्दल थोडं सांगतो. कुलाब्याची ससून गोदी १८७५ साली बांधली गेली, ती कापसासाठी. कापूस थांबू शकणारा माल आहे. भाव पडला तर गोदामात ठेवायचा, विलायतेतला बाजार चढला की बाहेर काढायचा. ज्याच्या ताब्यात गोदाम त्याच्या हातात भाव, असं ते सरळ गणित होतं. पुढे कापूस गेला आणि त्याच गोदीत मासळी उतरू लागली. मासळी थांबत नाही. पहाटे चारला जो बांगडा ताठ आणि चकचकीत असतो, त्याचा डोळा दुपारी बर्फाशिवाय खोल जातो आणि कल्ले काळवंडतात. प्रत्येक तासाला मालाची किंमत उतरते. ही उतरण कोणाच्या तरी पदरात पडणारच. ती कोणाच्या पदरात पडते, हाच माझ्या व्याख्यानाचा विषय.

भाऊच्या धक्क्यावर एका वयस्क कोळीण मावशींना मी विचारलं होतं, की बोट यायला उशीर झाला तर तुम्ही काय करता? त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हावरा थांबंत नाय, आमी थांबताव.” मला जे तासभर सांगायचं आहे, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. बोट भरतीवर, वाऱ्यावर आणि मिळालेल्या मासळीवर अवलंबून येते. तिची वेळ कोणी सांगू शकत नाही. म्हणून घेणाऱ्या बायका रात्री तीनपासून धक्क्यावर असतात. पाटी वाहणारे हमाल असतात. कोळंबी सोलणाऱ्या बायका असतात. बोट आली की सगळ्यांचे हात एकदम चालू लागतात. तोवर सगळे थांबलेले असतात, आणि या थांबण्याचे पैसे कोणी कोणाला देत नाही. विकणारीला नफ्यावर मिळतं, हमालाला खेपेवर, सोलणारीला किलोवर. तासावर कोणालाच मिळत नाही.

आता लिलावाकडे या. बोटीतून मासळी टोपल्यांतून आणि टबांतून वर येते. माणसांची साखळी लागते, टोपली हातोहात फेकली जाते. धक्क्याच्या ओल्या फरशीवर जातवार ढीग लागतात: इथे ढोमी, तिथे मांदेली, पलीकडे माकूल आणि वाम. पापलेट, सुरमई आणि मोठी कोळंबी यांच्याकडे निर्यातवाल्यांची माणसं आधीच डोळा लावून असतात. ढिगाशेजारी दलाल उभा राहतो आणि बोली सुरू होते. वजनकाटा दर वेळी नसतो. ढिगात किती किलो माल आहे, वरचा मोठा आणि खालचा बारीक तर नाही, रात्रीच्या पहिल्या ओढीचा आहे की पहाटेच्या शेवटच्या, हे बाईने नजरेनं ओळखायचं आणि काही क्षणांत हो किंवा नाही म्हणायचं. एकटीची ऐपत नसेल तर तीन-चौघी मिळून भागीत ढीग घेतात आणि तिथेच बाजूला बसून वाटे करतात. हे वाटे इतके काटेकोर असतात की कोणाच्या वाट्याला एक बोंबील जास्त गेला तर तो उचलून परत टाकला जातो. बाजारशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला मूल्यनिर्धारण म्हणतात ते हेच काम. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या बायका ते रोज पहाटे करतात, आणि आपण त्यांना अकुशल म्हणतो.

दलाल हा खलनायक आहे, असं सांगून मी सुटू शकतो. पण गोष्ट तेवढी सोपी नाही. बोटीला डिझेल, बर्फ आणि शिधा भरायला आगाऊ रक्कम बऱ्याचदा दलालच देतो, आणि त्या बदल्यात बोटीचा माल त्याच्याच हातून विकला जातो. विकणाऱ्या बाईलाही तो उधारीवर माल देतो. बँक जिथे उभी राहत नाही तिथे तो उभा असतो. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायाला लागू झाली खरी. पण पहाटे चारला सहा हजार रुपये लागतात तेव्हा बँकेचं दार बंद असतं. दलालाची खरी ताकद त्याच्या पैशापेक्षा त्याच्या वेळेत आहे. तो थांबू शकतो, बाई थांबू शकत नाही. शिवाय या उधारीला कागद नसतो. भाव, कापलेली दलाली, राहिलेली बाकी हे सगळं तोंडी चालतं आणि वाद झाला की वही दलालाची असते.

एक मांडणी करून दाखवतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, ते पाहणीचे नाहीत. समजा एका बाईने सहा हजारांची मासळी घेतली. बर्फाला तीनशे, पाटीवाल्याला दीडशे, टेंपोच्या भाड्यातला तिचा वाटा साडेतीनशे, पिशव्या आणि बाजाराची फी मिळून शंभर. झाले सहा हजार नऊशे. दुपारपर्यंत दोन तृतीयांश माल चांगल्या भावाने गेला आणि पाच हजार दोनशे हाती आले. उरला एक तृतीयांश. तो तिने दुपारी एकला येईल त्या भावाने, चौदाशेला, काढून टाकला तर तीनशेची खोट. त्यावर दीडशेचा आणखी बर्फ टाकून ऑफिस सुटेपर्यंत तो धरून ठेवला आणि तेवीसशे आले, तर साडेचारशेचा नफा. रात्री तीनला निघालेली बाई संध्याकाळी पाचला उठते तेव्हा हे साडेचारशे चौदा तासांवर पसरायचे. तासाला बत्तीस रुपये. सगळा नफा-तोटा शेवटच्या तृतीयांशात आहे, आणि तो शेवटचा तृतीयांश बर्फ मिळतो की नाही, यावर लटकलेला आहे. “मावशी, दहा रुपये कमी करा” असं आपण म्हणतो ते नेमकं याच तृतीयांशाच्या वेळी. आपल्यालाही ठाऊक असतं की आता ती थांबू शकत नाही.

पाटीवाल्यांचं काम दिसतं, पण नजरेत भरत नाही. ओल्या टोपलीचं वजन माशाचं अधिक बर्फाचं अधिक गळणाऱ्या पाण्याचं असतं. हे खारट पाणी डोक्यावरून मानेत, मानेतून सदऱ्यात उतरतं. पायाखाली खवले आणि बर्फाचा चुरा. घसरणं हा इथला नेहमीचा अपघात, आणि पडलेल्याला त्या दिवसाची मजुरी मिळत नाही. तो कोणाचा नोकर आहे, असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण एका पहाटेत तो दहा जणांचा माल वाहतो.

कोळंबी सोलणाऱ्या बायकांकडे जरा जास्त वेळ थांबू या. ससून गोदीच्या परिसरात पहाटे गेलात तर त्या ओळीने, घोळक्याने बसलेल्या दिसतील. समोर बर्फात मुरलेली कोळंबी, बाजूला सोललेल्या मालाचं भांडं, दुसऱ्या बाजूला टरफलांचा ढीग. डाव्या हातात कोळंबी, उजव्या हाताच्या अंगठ्याने डोकं मोडायचं, पोटाखालून पाय आणि कवच एका झटक्यात सोडवायचं, पाठीवरचा काळा दोरा ओढून काढायचा आणि सोललेला दाणा भांड्यात टाकायचा. मोजायला गेलात तर मोजून होण्याआधी पुढची कोळंबी सोललेली असते. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा बोटात घुसतो. बर्फाच्या पाण्याने बोटं बधिर होतात, त्यामुळे घुसलेला काटा लगेच कळत नाही. कोळंबीच्या पाण्याने कातडी फुगते, पांढरी पडते, नखांच्या कडा सडतात. कोणी चिंधी गुंडाळते, पण चिंधीने हात मंदावतो आणि मजुरी किलोवर आहे. इथे आणखी एक बारीक अन्याय लपलेला आहे. कोळंबी जितकी लहान, तितके एका किलोत दाणे जास्त, म्हणजे तितकंच काम जास्त. समुद्रातून येणारा माल बारीक होत जातो तसं किलोमागचं कष्ट वाढतं, आणि दर ठरवताना हे मोजायचं मात्र राहून जातं.

१९९७ साली युरोपीय समुदायाने भारतातून येणाऱ्या मासळीवर बंदी घातली. कारण स्वच्छतेचं होतं. त्यानंतर निर्यातीच्या कारखान्यांची रचना झपाट्याने बदलली. फरशा बसल्या, पिण्यायोग्य पाण्याची सक्ती झाली, कपडे बदलायच्या खोल्या आल्या, हातमोजे आणि टोप्या आल्या. याचा फायदा कारखान्यात काम करणाऱ्या बायकांनाही झाला, हे मान्य करायला हवं. पण नियम कोणासाठी होते ते पाहा. परदेशी खाणाऱ्याच्या पोटाला अपाय होऊ नये म्हणून कोळंबीभोवतीची जागा स्वच्छ झाली, आणि सोलणारीचे हात त्या ओघात आले. जी कोळंबी दादर, मालाड, डोंबिवलीच्या ताटात जाणार, तिच्याभोवती असा नियम उभा राहिला नाही. म्हणून तिथे नळ, आडोसा आणि शौचालय हे प्रश्न अजून प्रश्नच आहेत. रात्री तीनपासून धक्क्यावर बसणाऱ्या बाईला शौचालय नसणं ही आरोग्याची बाब आहेच, त्याआधी ती कामाच्या अटीची बाब आहे. ती पाणी कमी पिते, कारण जायला जागा नाही.

या सगळ्या माणसांना ‘कोळी समाज’ या एका नावाखाली गोळा करण्याची आपल्याला सवय आहे. तसं ते नाही. धक्क्यावरची आणि मंडईतली मासळी विक्री बहुतांशी कोळणींच्या हातात आहे. अनेक मंडयांत गाळ्याचा परवाना बाईच्या नावावर असतो आणि तो लेकीकडे किंवा सुनेकडे जातो. मुंबईसारख्या शहरात बायकांच्या नावावर चालत आलेली ही एक दुर्मीळ मिळकत आहे आणि कोळणींचा बाजारातला दरारा तिच्यातूनच येतो. पण सोलणाऱ्यांत, वेचणाऱ्यांत आणि हमालांत देशावरून आणि दुसऱ्या राज्यांतून आलेली माणसं खूप आहेत. त्यांच्याकडे ना परवाना, ना कोळीवाडा, ना सोसायटी. इथे एक अवघड गोष्ट सांगायला हवी. जी कोळीण दलालापुढे नाडली जाते, तीच पुढे पाटीवाल्याशी घासाघीस करते आणि सोलणारीचा दर ठरवताना हात आखडता घेते. मासा कुजण्याची जोखीम वरून खाली ढकलली जाते, आणि जो तो आपल्या खालच्याकडे ती सरकवतो. म्हणून हा प्रश्न चांगल्या-वाईट माणसांचा करून सुटणार नाही.

मासळीच कमी झाली तर काय होतं, तेही पाहू. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे महाराष्ट्रात २०१८ साली सुमारे २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ साली ती २.०१ लाख टनांवर आली. साडेचार दशकांतला तो नीचांक होता. एका वर्षात तिसरा हिस्सा माल गेला. मोठ्या बोटीचं नुकसान निदान हिशेबात येतं. पण धक्क्यावर हात तेवढेच राहिले आणि ढीग कमी झाले, म्हणजे प्रत्येकाचं थांबणं वाढलं, याची नोंद कुठे झाली? १ जून ते ३१ जुलै ही पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंदी आवश्यकच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बंदीच्या काळातली मदत ठरते ती समुद्रात जाणाऱ्या कुटुंबाचा विचार करून. आगोटीआधी सुकट, सोडे, सुके बोंबील साठवून विकणारी बाई ते दोन महिने कसेबसे काढते. कोणी आंध्रातून ट्रकने आलेली रोहू-कटला विकते. सोलणारी मात्र सरळ बेकार होते, आणि तिला मच्छीमार म्हणावं की नाही, इथपासून सुरुवात असते. २०१० च्या सागरी मत्स्यगणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावं आणि सुमारे ८१ हजार मच्छीमार कुटुंबं मोजली गेली. गणना गावांची आहे. शहरातल्या झोपडपट्टीतून धक्क्यावर येणारी बाई त्या गावांत राहत नाही.

जागेचा प्रश्नही शेवटी वेळेचाच आहे. पलटण रोडवरची छत्रपती शिवाजी महाराज मंडई धोकादायक ठरली तेव्हा तिथल्या घाऊक विक्रेत्यांना ऐरोलीला हलवण्याचा प्रस्ताव आला. कोळणींनी जोरदार विरोध केला आणि वर्तमानपत्रांत तो बराचसा ‘हट्ट’ म्हणून रंगवला गेला. नकाशा समोर ठेवला तर हट्ट कोणाचा ते कळतं. ससून गोदी आणि भाऊचा धक्का या मंडईपासून थोड्याच अंतरावर आहेत. सीएसएमटी चालत जाण्याजोगं आहे, मरीन लाइन्सही दूर नाही. विरारची, कल्याणची, पनवेलची किरकोळ विकणारी बाई पहाटेच्या गाडीने यावी, माल उचलावा, मालडब्यातून परत जावं आणि गिऱ्हाईक बाजारात येण्याआधी ओट्यावर बसावं, इतकी ती साखळी नेटकी आहे. मंडई ऐरोलीला नेली तर दक्षिण मुंबईत उतरलेली मासळी आधी रस्त्याने तिकडे जाणार आणि तिथून पुन्हा शहरभर फिरणार. कागदावर ते काही किलोमीटर आहेत. मासळीच्या हिशेबात ते दोन-तीन तास आणि आणखी बर्फ आहे, आणि तो खर्च त्या शेवटच्या तृतीयांशातूनच जाणार. इमारत धोकादायक असेल तर रिकामी करायलाच हवी. पण त्याच परिसरात पर्यायी जागा मागणं हा धंद्याचा साधा हिशेब आहे.

मग कायदा काय करतो? रस्त्यावर बसणारीसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असाव्यात, अशी चांगली तरतूद आहे. मंडईतली बाई पालिकेची परवानाधारक, म्हणून तो तिला लागू नाही. असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली, पण नुसत्या नोंदणीने सोलण्याचा दर ठरत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००७ चा १८८ क्रमांकाचा करार बोटीवरच्या माणसांपुरता आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. चांगलंच झालं. पण शेतीला दर्जा असूनही शेतमजूर कुठे आहे, हे आपण जाणतो. मत्स्य खातं बोटी आणि टन मोजतं, पालिका गाळे मोजते, कामगार खातं आस्थापना मोजतं. पहाटे थांबलेली बाई तिघांच्याही वहीत नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं की इथे मालकच नाही, मग कायदा कोणावर लावायचा? हे उत्तर महाराष्ट्रात तरी कोणी देऊ नये. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली या राज्याने माथाडी कायदा केला, तो नेमक्या याच अडचणीवर. एका दिवसात दहा मालकांचं ओझं वाहणाऱ्या हमालाचा मालक कोण? कायद्याने सांगितलं, मालक शोधत बसू नका. कामगाराची आणि काम देणाऱ्याची दोघांचीही माथाडी मंडळाकडे नोंद करा, मजुरी मंडळामार्फत द्या, आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची सोय लावा. त्या कायद्याच्या अंमलबजावणीत पुढे काय काय झालं, ते या सभागृहातल्या जुन्या कार्यकर्त्यांना मी सांगायला नको. पण कल्पना पक्की होती आणि ती इथली होती. कोळंबी सोलणं हेही अनेक मालकांचं, खेपेचं, किलोचं काम आहे. ती कल्पना धक्क्यावरच्या सोलणारीपर्यंत न्यायला नवा शोध लावावा लागत नाही.

केरळकडेही पाहू. तिथे २०२१ साली मासळीच्या लिलावाचा स्वतंत्र कायदा झाला आणि दलालीला ५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. त्याच वर्षी तिरुवनंतपुरममध्ये मासळी विकणाऱ्या बायकांसाठी ‘समुद्र’ नावाची मोफत बससेवा सुरू झाली. टोपलीला वास येतो म्हणून ज्या बाईला बसमधून उतरवलं जायचं, तिच्या कामाच्या वेळेनुसार बस धावू लागली. आपल्याकडे लोकलचा मालडबा हे काम वर्षानुवर्षं करतो आहे. त्यात बसलेल्या बायकांच्या वेळा धरून बाकीचं काही आखता येईल, हे आपल्याला सुचलं नाही.

आता मागण्या, आणि मी संपवतो. चार सांगतो, चारही साध्या आहेत. पहिली: लिलावाचा प्रत्येक सौदा वजनावर आणि छापील पावतीवर व्हावा, दलाली पावतीवर लिहिलेली असावी. दुसरी: सोलणाऱ्या आणि पाटीवाल्यांची माथाडीच्या धर्तीवर नोंद व्हावी, दर मालाच्या आकारानुसार ठरावा, आणि बोट उशिरा आली तर बोलावून बसवल्याचा किमान मोबदला द्यावा. तिसरी: प्रत्येक धक्क्यावर आणि मंडईत रात्री तीनलाही उघडं असलेलं शौचालय आणि गोड्या पाण्याचा नळ. चौथी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: प्रत्येक मंडईत विक्रेत्या बायकांच्या सहकारी संस्थेच्या ताब्यात एक शीतखोली. सातपाटीच्या मच्छीमारांनी सहकारी संस्था काढून स्वतःच्या मालावर पकड मिळवून दाखवली, तेव्हा हे आपल्याला जमणार नाही असं कोणी म्हणू नये. कापसाच्या व्यापाऱ्याला गोदामाने जे दिलं, ते या बाईला ती खोली देईल. दुपारी एकला गिऱ्हाइकाच्या तोंडावर “नाही परवडत” म्हणण्याची सोय.

ही खोली फुकट द्या, असं मी म्हणत नाही. संस्था भाडं भरेल, कारण आज तीच बाई बर्फावर आणि पडेल भावाने विकलेल्या मालावर त्याहून जास्त घालवते. मंडयांचा पुनर्विकास मुंबईत एकामागून एक मंजूर होतो आहे. त्यांच्या आराखड्यांवर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, आणि वाहनतळाबद्दल पुष्कळ येतात. पुढच्या आराखड्यावर आपल्यापैकी पन्नास जणांनी एकच सूचना लेखी द्यावी: तळमजल्यावर मासळीची शीतखोली कुठे आहे, ती किती टनांची आहे आणि तिची किल्ली कोणाकडे राहणार आहे, ते नकाशावर दाखवा.